पिल्लू गोड आहे, पण कागद कुठंय?

‘ताई, पिल्लू अगदी लॅबसारखं दिसतंय हो! याचे केनेल क्लबचे पेपर करून मिळतील का?’ बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, बंगल्यांच्या कॉलन्या वाढल्या तशी दारोदारी ‘ब्रीडची’ कुत्री आली. मग कुणाच्या लॅब्रॅडॉर मादीला गल्लीतल्या गड्यापासून सहा-सात पिल्लं होतात. त्यांना भरवायचं, त्यांची घाण काढायची, हे सगळं घरातल्या बाईकडेच. तिला वाटतं, कागद झाले तर चार पैसे तरी हाती येतील. न वाटून सांगते कुणाला?

मैत्रिणींनो, उत्तर सरळ आहे. संकरित पिल्लाची जातिवंत म्हणून नोंद होत नाही. कुणी पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणत असेल, तर तिथूनच मागं फिरा.

असं का, ते समजून घेऊ. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था 1896 सालची, तिचं मुख्य कार्यालय चेन्नईला आहे. तिचं मुख्य काम म्हणजे कुत्र्यांची वंशावळ सांभाळणं. आई आणि बाप दोघंही एकाच जातीचे आणि दोघांचीही नोंद झालेली असेल, तर ज्याच्या घरी पिल्लं झाली तो मालक सगळ्या पिल्लांची एकदम नोंद करतो. प्रत्येक पिल्लाला नंबर मिळतो, प्रमाणपत्रावर आई-बाप, आजी-आजोबा यांची नावं येतात. आपल्याकडे स्थळ बघताना आजोळ-पणजोळ विचारतात ना, तसंच हे! पण त्या कागदावर कुत्रं शहाणं आहे की निरोगी आहे, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. कागद घराण्याचा असतो, गुणांचा नव्हे.

माणदेशातल्या बायकांना हे जास्त समजवावं लागत नाही. खरसुंडीच्या बाजारात खिल्लार खोंड घेताना जाणता शेतकरी वळूचं घराणं विचारतोच. दारातल्या संकरित गाईला मात्र कुणी खिल्लार म्हणत नाही. म्हणून ती कमअस्सल ठरते का? संसार तर तिच्याच दुधावर चालतो! दुसरं उदाहरण हायब्रीड ज्वारीचं. पीक जोमदार येतं, पण त्याच कणसातलं बी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं, तर सगळं ताट सारखं येत नाही. संकरित कुत्र्याचंही तेच. स्वतः देखणं असेल, पण त्याची पिल्लं कशी निघतील याची खात्री नाही. क्लबाच्या वहीत जागा असते ती या खात्रीला.

आता घेणाऱ्या मैत्रिणींसाठी. ‘पेपर मागाहून पाठवतो’ या वाक्यावर कितीतरी हजारांचे व्यवहार होतात, आणि पेपर काही येत नाहीत. पिल्लू मोठं झाल्यावर कान उभे राहतात, शेपूट वळते, मग घरात भांडणं. म्हणून पैसे देण्याआधी पिल्लाची आई समक्ष बघा. पिल्लाचं प्रमाणपत्र हातात घ्या. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवलेली असते, तिचा पंधरा आकडी नंबर जनावरांच्या डॉक्टरांकडच्या यंत्रावर वाचून कागदाशी ताडून बघा. मालकी आपल्या नावावर करण्याच्या अर्जावर विकणाऱ्याची सही तिथल्या तिथे घ्या.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 2017 च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार पिल्लं विकण्याचा धंदा करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. दीड वर्षाच्या आतल्या मादीकडून पिल्लं घ्यायची नाहीत आणि तिच्या उभ्या आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेळा तर नाहीच. हे वाचताना मला बरं वाटलं. बाईमाणसाच्या बाळंतपणाचा सुद्धा एवढा विचार आपण किती उशिरा करायला लागलो!

गंमत म्हणजे विदेशी जातींच्या कागदांमागे धावताना दारातला अस्सल माल आपण विसरतो. जत, आटपाडीकडे धनगरवाड्यांवर दिसणारा तो उंच, सडपातळ, निमुळत्या तोंडाचा कारवानी कुत्रा आठवा. केनेल क्लबच्या यादीत तो ‘कॅरॅव्हान हाउंड’ आहे. पलीकडे कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची जोपासना केली, म्हणून तिकडे तो ‘मुधोळ हाउंड’. 2005 साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं, आणि पुढे लष्करानेही ही जात प्रशिक्षणासाठी घेतली. पण शर्यतीत जास्त पळावा म्हणून त्याचा ग्रेहाउंडशी संकर केला जातो आणि अस्सल वाण पातळ होत जातो. आई-बापांचे कागद नसलेल्या देशी कुत्र्यांची परीक्षकांकडून पाहणी करून नोंद करण्याची शिबिरं क्लबने घेतली आहेत. घरी पिढ्यान्‌पिढ्या कारवानी असेल, तर क्लबकडे चौकशी जरूर करा. कागद मिळण्याची आशा असलीच तर ती इथे आहे.

आणि मग संकरित पिल्लांचं काय? परदेशात त्यांच्यासाठी वेगळी वही उघडली आहे. इंग्लंडमध्ये 2000 सालापासून संकरित कुत्र्यांची ‘स्क्रफ्ट्स’ नावाची स्पर्धा भरते. अमेरिकन केनेल क्लबने 2009 मध्ये मिश्र जातीच्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र नोंद सुरू केली, त्यामुळे आज्ञापालनाच्या, अडथळ्यांच्या स्पर्धांत ती उतरू शकतात. जातिवंत म्हणून नाही, पण गुणवंत म्हणून!

आपल्याकडे मात्र कागद नाही म्हटलं की पिल्लाची किंमत शून्य. त्यातून मादी असेल तर रात्री पोत्यात घालून कृष्णेच्या घाटावर किंवा बाजार समितीच्या मागे सोडून देतात. मुलगी नको म्हणणाऱ्या घरांविरुद्ध आपण सभा घेतो, मग ही गोष्ट नजरेआड कशी करायची?

तेव्हा खऱ्या कामाचे कागद करू या. तीन महिन्यांचं झालं की पिल्लाला रेबीजची लस, नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी, आणि त्याचं कार्ड घरच्या फायलीत. नगरपालिका परवाना देत असेल तर तो. आणि पुढची पिल्लावळ नको असेल तर वेळेवर नसबंदी. पिल्लं द्यायची असतील तर ‘संकरित आहे’ असं स्पष्ट सांगून, माहितीच्या घरी द्या. खोटं सांगून आलेले दोन हजार पुरत नाहीत, पण चांगल्या घरी गेलेलं पिल्लू दहा-बारा वर्षं आपलं नाव राखतं.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना सावध केलं, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. एवढी वर्षं लोक त्या समाधीपाशी थांबतात ते खंड्याच्या इमानासाठी. ते इमान कुठल्याही कागदावर लिहून मिळत नाही, आणि कागद नसलेल्या पिल्लातही ते असतंच.