बंधन कोणावर, मोकळीक कोणाला?

लेखमाला : आपलं सॉफ्टवेअर, आपले हक्क – भाग ४

भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. कोणी आपला कोड इंटरनेटवर ठेवला आणि परवान्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, तर तो सगळ्यांना दिसतो, पण बदलण्याचा किंवा वाटण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही. ओपन सोर्स परवाना तो हक्क देतो. पण देता देता अटीही घालतो. मग हा परवाना स्वातंत्र्य राखतो की आवळतो?

उत्तरासाठी फार लांब जायला नको. मुंबईत वाकोल्याहून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने कुर्ला गाठलं की पुढे विद्याविहार. ऋषभ मेहता यांनी सुरू केलेली फ्रॅपे टेक्नॉलॉजीज ही कंपनी तिथली. हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारं तिचं ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. या एकाच कंपनीने आपल्या कामांना तीन वेगवेगळे परवाने दिले आहेत, आणि आजचा सगळा विषय त्या तिन्हींत सामावलेला आहे.

ईआरपीनेक्स्ट ज्या पायावर उभं आहे त्या ‘फ्रॅपे फ्रेमवर्क’ला एमआयटी परवाना आहे. हा परवाना जेमतेम तीन परिच्छेदांचा. कोड घ्या, बदला, विका, बंद करून ठेवा; फक्त मूळ कॉपीराइटची आणि परवान्याची नोंद काढू नका. खुद्द ईआरपीनेक्स्टला मात्र जीपीएलची तिसरी आवृत्ती लागू आहे. त्यातली मुख्य अट अशी : बदललेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती दिलंत, तर त्याला मूळ कोडही मिळाला पाहिजे, आणि तुम्हाला मिळाले तेच हक्क त्यालाही मिळाले पाहिजेत. कंपनीच्या सीआरएम आणि हेल्पडेस्क या नंतरच्या उत्पादनांना एजीपीएल आहे. तो याच्याही एक पाऊल पुढे जातो.

फरक कळायला एक दुकान डोळ्यांसमोर आणू. समजा, सांताक्रूझ पूर्वेला एक हार्डवेअरचं दुकान आहे. नळ, पाइप, सिमेंट, रंग असा हजारो जिनसांचा साठा, ठेकेदारांची महिनोन्‌महिने चालणारी उधारी आणि जीएसटीची विवरणपत्रं. मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्ये शिकलेल्या एका मुलीने त्यांना ईआरपीनेक्स्ट बसवून दिलं. बिलं मराठीत केली आणि ठेकेदारागणिक उधारी किती दिवस थकली ते दाखवणारा तक्ता जोडला. या कामाचे तिने पैसे घेतले, आणि त्यात काहीच गैर नाही. जीपीएल विकायला मनाई करत नाही. मूळ कंपनीला हिस्सा द्यायलाही सांगत नाही. दोन वर्षांनी तिला बंगळुरूला नोकरी लागली. अशा वेळी दुकानदार तिच्याकडून हक्काने मूळ कोड घेऊ शकतो आणि दुसऱ्या कोणाकडूनही काम पुढे चालू ठेवू शकतो.

तेच सॉफ्टवेअर एमआयटी परवान्याचं असतं, तर? तिने आपले बदल बंद करून विकले असते तरी ते कायदेशीरच ठरलं असतं. तिचं स्वातंत्र्य वाढलं असतं आणि दुकानदाराचं त्याच मापाने घटलं असतं. म्हणून ‘हा परवाना स्वतंत्र की बंधनकारक’ हा प्रश्न अर्धाच राहतो. एमआयटी पुढच्या प्रोग्रॅमरला मोकळं ठेवतो. जीपीएल त्या प्रोग्रॅमरवर एक बंधन घालतो, ते साखळीत शेवटी उभ्या असलेल्या माणसासाठी.

या बंधनातून काय निपजतं, याचं एक उदाहरण घरातल्या वायफाय राउटरचं आहे. २००३ साली लिंकसिस कंपनीच्या एका राउटरमध्ये जीपीएल परवान्याचा लिनक्स असल्याचं जाणकारांच्या लक्षात आलं. कंपनीने मूळ कोड दिलेला नव्हता. दबाव आल्यावर तो द्यावा लागला, आणि त्यातूनच ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. निर्मात्यांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी जुने राउटर त्याच्यामुळे आजही कामात आहेत. तिथे अट नसती, तर तो कोड बाहेर आलाच नसता.

तरीही आक्षेप खोटे नाहीत. काही वेळा चांगल्या हेतूने लिहिलेले दोन परवाने एकत्र नांदत नाहीत. लिनक्सचा गाभा जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतच राहिलेला आहे, त्यामुळे केवळ तिसऱ्या आवृत्तीखाली दिलेला कोड त्यात घालता येत नाही. दोन्हीकडे माणसं मोकळेपणाच्याच बाजूची, आणि मध्ये कलमांची भिंत. हे नुकसान खरं आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. जीपीएलची अट सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती दिल्यावर लागू होते. पण आपल्या उदाहरणातल्या मुलीने ते स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवून दुकानदाराला नुसतं लॉगिन दिलं, तर हाती काहीच दिलेलं नसतं आणि कोड द्यायची सक्तीही उरत नाही. ही फट बुजवायला २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली : बदललेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरू दिलंत, तरी वापरणाऱ्याला कोड मिळालाच पाहिजे.

सैल परवाना निवडलेल्या कंपन्यांनाही पुढे याच प्रश्नाने गाठलं. इलॅस्टिक कंपनीने २०२१ मध्ये आपल्या इलॅस्टिकसर्च या शोध-सॉफ्टवेअरचा मोकळा परवाना काढून घेतला. मोठ्या क्लाउड कंपन्या तो कोड भाड्याने देऊन कमावतात, ही तिची तक्रार होती. अ‍ॅमेझॉनने जुन्या, मोकळ्या आवृत्तीवरून ओपनसर्च नावाचा वेगळा प्रकल्प काढला. २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएलचा पर्याय देऊन पुन्हा ओपन सोर्सची वाट धरली. एकदा मोकळी केलेली आवृत्ती कोणालाही परत कोंडता येत नाही, हे या प्रकरणाने सिद्ध केलं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्यावरून दुसरे प्रोग्रॅमर आपापली कामं उभारणार आहेत अशा अवजाराला एमआयटी पुरेसा आहे. पण ज्याच्यात कोणाच्या दुकानाचा, दवाखान्याचा किंवा संस्थेचा हिशेब अडकलेला आहे, त्या सॉफ्टवेअरला जीपीएल किंवा एजीपीएलच हवा. प्रोग्रॅमर दुसरं काम शोधू शकतो. दहा वर्षांच्या नोंदी एका सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या दुकानदाराला ते इतक्या सहज सोडता येत नाही. ज्याची सुटका अवघड, त्याच्या बाजूने परवाना उभा राहिला पाहिजे.

पण हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही. म्हणून सॉफ्टवेअर बसवून घेताना तीन गोष्टी लेखी घ्या. परवाना कोणता? केलेल्या बदलांसह मूळ कोड कधी आणि कसा मिळणार? सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल, तर आपल्या नोंदी पूर्णपणे उतरवून घेता येतील का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर करारातच हवं. कोडच्या परवान्यावर विसंबू नका. कोड मोकळा असला तरी आपल्या नोंदी दुसऱ्याच्या ताब्यात राहू शकतात.

पुढच्या आठवड्यात : नोंदींची मालकी कोणाची?