चार हजार वर्षं न पुसलेल्या रेघा

चिनी मातीच्या शोभेच्या बशीवर फुलं-पाखरं रंगवलेली दिसली, की ही कला बाहेरून आली असं आपण धरून चालतो. भांड्यावर निसर्ग चितारणारे हात खान्देशात मात्र सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच होते. तापीकाठच्या सावळदा गावावरून ज्या खापरांना नाव मिळालं, त्यांवर पक्षी, जनावरं आणि बाणांची टोकं काळ्या रेघांत रंगवलेली आढळतात. प्रकाशे इथे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केलं. गिरणाकाठच्या बहाळला म. न. देशपांडे यांनी, तर साक्री तालुक्यातल्या कावठ्याला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी. ताम्रपाषाण युगातल्या रंगीत खापरांचा मोठा ठेवा त्यातून हाती आला.

या खापरांचा पृष्ठभाग जवळून पाहावा. अंगावर दाट मातीच्या लेपाचा थर, आणि त्याला बारीक तडे. लेप आणि आतली माती वाळताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, तेव्हा असे तडे पडतात. आपल्या काळ्या मातीचा हा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको: ती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून कुंभार नदीकाठची गाळाची माती घेतो, तिच्यात राख, लीद, वाळू मिसळतो.

खरी परीक्षा रंगाची. पानाफुलांचे रंग आगीत जळून जातात. उरतात ती फक्त खनिजं. मातीतलं लोह हवेशीर भट्टीत तांबडं होतं. भट्टी कोंडली, धूर आत राहिला, तर तेच लोह काळं पडतं. पण पुन्हा हवा लागली की बहुधा तांबडं होतं. मँगेनीजयुक्त दगडाची पूड मात्र मोकळ्या हवेतही काळीच राहते. तांबूस अंगावर काळी रेघ हवी असेल, तर असा दगड ओळखता यायला हवा. प्रयोगशाळा नसलेल्या माणसांची ही पारख मला थक्क करते.

चिनी मातीचा मार्ग वेगळा. तिच्यातल्या केओलिनमध्ये लोह अगदी कमी, म्हणून ती पांढरी. सुमारे १३०० अंश सेल्सिअसला ती अंशतः वितळून काचेसारखी घट्ट होते. एवढ्या आचेत फार थोडे रंग तग धरतात. कोबाल्टचा निळा टिकतो, म्हणूनच निळ्या-पांढऱ्या नक्षीची भांडी जगभर गेली. गुलाबी फुलं आणि नाजूक हिरवी पानं चकाकीवर रंगवून साधारण ८०० अंशांवर पुन्हा भाजावी लागतात. हा वरचा रंग वापराने झिजतो. सावळद्याच्या कारागिराने मात्र भाजण्याआधीच रेघ ओढली, आणि ती लेपाबरोबरच पक्की झाली.

खान्देशातल्या कितीतरी जुन्या गावांच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, अशी खापरं आजही नांगराला लागतात. धाब्याच्या घरांवर टाकायला पांढरीची माती उकरली जाते, तेव्हा तीही तिच्याबरोबर जातात. माती नेण्याआधी एखादं खापर धुऊन उन्हात धरलं, तर काळी रेघ ओली असताना अधिक ठळक दिसते.