मळ्यांतील नत्र विहिरींत कसा उतरतो

ठाण्याहून दिवा, डोंबिवली व कल्याणकडे आगगाडीनें जातांना रुळांच्या कडेस पालक, माठ व मुळा यांचे हिरवेगार वाफे दृष्टीस पडतात. त्यांतील कित्येकांस नाल्याचें सांडपाणी मिळतें. सांडपाणी हें एक प्रकारचें पातळ खतच होय. तरीही त्यावर युरियाची मूठ पडतेच. पीकपाहणींत पाण्याचें साधन नोंदण्यास रकाना असतो. त्या पाण्यांतून खत किती आलें, यास रकाना नाहीं. हा लेखक महसुली दप्तरांत म्हातारा झाला, म्हणून ही उणीव त्यास विशेष डांचते.

सोनखत असो, मैल्याचा गाळ असो वा युरिया असो, मातींतील जंतू त्यांतील नत्राचा प्रथम अमोनिया व मग नायट्रेट बनवितात. अमोनियावर धन विद्युद्भार असल्यामुळें ऋणभारित चिकण माती त्यास धरून ठेवते. नायट्रेट स्वतःच ऋणभारित. त्यास माती थारा देत नाहीं. पाणी जाईल तिकडे तें जातें. मुळांच्या टप्प्यांत आहे तोंवर तें पिकाचें. वाफा तुडुंब भरून खालीं लोटलें कीं विहिरीचें.

इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें १८७० सालीं २०, ४० व ६० इंच जाडीच्या मातीच्या थरांखालीं निचरा मोजण्याची सोय केली. त्या मातीस ना पीक, ना खत. तरी झिरपणाऱ्या पाण्यांतून वर्षानुवर्षें नायट्रेट निघत राहिलें.

आतां आपला हिशेब. युरियाच्या ४५ किलोच्या गोणींत शेंकडा ४६ प्रमाणें २०.७ किलो नत्र. त्याचें नायट्रेट सुमारें ९२ किलो. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅम ही आपल्या देशांतील मर्यादा. म्हणजे एक गोण २० लाख लिटर निर्मळ पाणी मर्यादेस नेण्यास पुरे. वीस फूट व्यासाच्या व वीस फूट पाणी असलेल्या विहिरींत पावणेदोन लाख लिटरांहून थोडें अधिक मावतें. सगळा नत्र खालीं जात नाहीं हें खरें. परंतु दशांश जरी उतरला तरी अशी एक विहीर बिघडली. अशा पाण्यांत कालविलेलें दूध तान्ह्या मुलास पाजल्यास रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटून अंग निळें पडतें. पाणी उकळून उपयोग नाहीं. आटल्यानें नायट्रेट उलट दाटतें.

भातखाचराची गोष्ट निराळी. तेथें सांचल्या पाण्याखालीं वारा नसल्यानें नायट्रेटचा वायु होऊन तो उडून जातो. विहीर वांचते, पण पैसा जातो. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतींत चार चुडांच्या चौकोनांत युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी खोल खोंचतात, ती यासाठींच. तेथें नत्र अमोनियाच्या रूपानें टिकतो.

बागाईतदारानें मात्र युरिया एकदम न देतां दोन-तीन हप्त्यांत द्यावा, पाणी बेताचें सोडावें, व सांडपाण्याच्या मळ्यास युरिया निम्म्याहून कमी करून पीक कसें येतें तें एका वाफ्यांत पाहावें. वैशाखांत रिकाम्या रानावर गाळ पसरून ठेवूं नये. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरी तो धुऊन नेतात. आणि ज्या घरीं तान्हें मूल आहे, तेथील विहिरीचें पाणी पावसाळ्यापूर्वीं एकदां व भाद्रपदांत एकदां तपासून घ्यावें.