मानेचा एम.आर.आय. अहवाल आणि मन्यास्तंभाची चिकित्सा

सातारा-सांगली परिसरातील मानदुखीचा रुग्ण अलीकडे वैद्याकडे येतो तो बहुधा फिल्मचे मोठे पाकीट हाती घेऊनच. मिरज, कऱ्हाड यांसारख्या ठिकाणी एम.आर.आय.ची सोय झाल्यापासून नाडी पुढे करण्याआधी अहवाल पुढे केला जातो, आणि ‘मानेत गॅप पडलाय’ हे निदानही रुग्णच सांगून टाकतो. वास्तविक फिल्मवर दिसते ते याच्या नेमके उलट. दोन मणक्यांमधील चकतीचा, म्हणजे लोक जिला गादी म्हणतात तिचा, जलांश घटतो, तिची उंची कमी होते आणि मणक्यांमधील अंतर वाढण्याऐवजी आक्रसते. लोकभाषेतील ही चूक निरुपद्रवी नव्हे. आपली मान सुटी होत चालली आहे या भयाने रुग्ण महिनोन् महिने पट्टा बांधून बसतो आणि मानेचे स्नायू दुर्बल करून घेतो.

मानेत मणके 7, चकत्या 6 आणि मज्जातंतूंच्या जोड्या 8 असतात. पहिल्या दोन मणक्यांमध्ये चकती नसते. सी 5-6 व सी 6-7 या पातळ्यांवर झीज सर्वाधिक आढळते. टी-2 पद्धतीच्या चित्रात पाणी उजळ दिसते, म्हणून जलांश घटलेली चकती काळी उमटते. अहवालातील ‘डेसिकेशन’ ते हेच. प्रौढ चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. मणक्याच्या पृष्ठावरील पातळ कूर्चेतून झिरपणाऱ्या पोषणावर तिचा निर्वाह चालतो, त्यामुळे वयपरत्वे ती सुकणे हे केस पिकण्याच्याच जातीचे आहे. जपानमध्ये 1998 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कोणताही त्रास नसलेल्या 497 व्यक्तींच्या माना तपासल्या गेल्या. विशीतील पुरुषांपैकी 17 टक्के आणि साठीपुढील पुरुषांपैकी 86 टक्के जणांच्या चकत्यांत झीज होती. तेथीलच 2015 सालच्या 1,211 निरोगी व्यक्तींच्या पाहणीत चकती फुगलेली, म्हणजे ‘बल्ज’, 87.6 टक्के जणांत आढळली. बल्ज हा शब्द वाचून शस्त्रक्रियेची धास्ती घेणाऱ्या रुग्णास एवढी माहिती सांगितली तरी अर्धी चिकित्सा होते. ‘लॉस ऑफ लॉर्डोसिस’ हे शब्दही असेच. स्नायू आखडल्याने किंवा तपासणीच्या वेळी मान ज्या स्थितीत होती तिच्यामुळेही मानेचा बाक सरळ दिसू शकतो.

आता आपल्या बाजूचा प्रमाद. ‘डेसिकेशन’ म्हणजे रूक्षता, रूक्षता म्हणजे वात, आणि वात म्हणजे तेल, अशी साखळी जोडून सरसकट ग्रीवाबस्ती लावण्याचा प्रघात पडला आहे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात मन्यास्तंभाचा वात कफाने आवृत सांगितला आहे, आणि चिकित्सास्थानात त्यासाठी वातकफहर नस्य व रूक्ष स्वेद विशेषत्वाने योजले आहेत. जखडलेली, जड, सकाळी अधिक दुखणारी मान समोर असता केवळ अहवालातील एका शब्दावरून प्रथमदिनी स्नेहन करणे आम्हांस शास्त्रसंमत वाटत नाही. चकती काळी आहे एवढेच यंत्र सांगते. आवरण आहे की शुद्ध क्षय, हे वैद्यानेच ठरवावयाचे.

हेतूंविषयीही तसेच. दिवसा झोप, आसनाचा दोष आणि वर पाहत राहणे ही सुश्रुतोक्त कारणे वाचताना तासगावच्या द्राक्षबागा डोळ्यांसमोर येतात. ऑक्टोबर छाटणीनंतर घडांची विरळणी व डिपिंग चालते, तेव्हा मांडवाखाली मान वर करून, हात उंचावून मजूर स्त्रिया दिवसचे दिवस काम करतात. ऊर्ध्वनिरीक्षणाचे याहून उत्तम उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. या स्त्रीचा आणि बँकेतील कारकुनाचा अहवाल शब्दशः एकच असू शकतो. हेतू, आणि म्हणून निदानपरिवर्जन, सर्वस्वी भिन्न राहील.

हातात उतरणाऱ्या वेदनेत मात्र अहवाल खरोखर उपयोगी पडतो, अट एवढीच की लक्षण आणि पातळी जुळली पाहिजे. सी 5-6 ची चकती सहाव्या मुळाला दाबते, तेव्हा मुंग्या अंगठ्याकडे जातात. सी 6-7 ची सातव्याला दाबते, तेव्हा मधल्या बोटाकडे. करंगळी बधिर असेल आणि अहवालात दोष केवळ सी 5-6 वर असेल, तर कारण अन्यत्र शोधावे. बाहूपासून बोटांपर्यंत जाणारी विश्वाची येथे आठवते. अशा बहुसंख्य रुग्णांची वेदना काही आठवड्यांत वा महिन्यांत शस्त्रक्रियेविना शमते, बाहेर आलेला चकतीचा भागही पुष्कळदा शोषला जातो. आपल्या काढ्याचे यश मोजताना हे ध्यानी ठेवलेले बरे.

खरी सावधगिरी मज्जारज्जूच्या बाबतीत. मुंबईच्या बाजारांत ओझी वाहून गावी परतलेले माथाडी सातारा जिल्ह्यात गावोगाव आहेत; त्यांचे संघटक अण्णासाहेब पाटील याच जिल्ह्याचे, आणि माथाडी कायदा 1969 चा. डोक्यावर, पाठीवर पोती वाहिलेल्या अशा वृद्धाची मान फारशी दुखतही नसते. पण सदऱ्याची बटणे लागत नाहीत, पायातून चप्पल निसटते, चालताना तोल जातो, लघवीची घाई होते. गुडघ्याचा प्रतिक्षेप वाढलेला सापडतो. अहवालात पोकळीचा मध्यव्यास 10 मि.मी.हून कमी असेल किंवा ‘कॉर्ड सिग्नल चेंज’ असे शब्द असतील, तर मर्दन, मान मोडणे, ताण देणे सर्वथा वर्ज्य समजावे आणि मेंदू-मज्जारज्जूच्या शल्यतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे. विलंबाने गेलेले बळ पुष्कळदा पूर्ण परतत नाही.

औषधी दुकानदार बंधूंच्या गल्ल्यावरही हे अहवाल येतात आणि त्रयोदशांग गुग्गुळाची बाटली मागितली जाते. ती देण्यापूर्वी बटणे लागतात का व चाल बदलली आहे का, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. महायोगराज गुग्गुळात धातुभस्मे असल्याने तो वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नये. रक्तदाबासाठी प्रोप्रानोलॉल अथवा डिल्टियाझेम चालू असेल, तर गुग्गुळामुळे त्यांचे शोषण घटू शकते. अशा ग्राहकास आधी वैद्याकडे धाडावे.