हिवाळ्यातली बुरशी ओळखताना

पावसाळ्यातली अळंबी चार दिवसांत कुजते, म्हणून दिवाळीनंतर रानात बुरशी शोधायला फारसं कुणी जात नाही. माझ्या मते सह्याद्रीत नवख्याने सुरुवात करावी ती याच दिवसांत. आता उरलेली असते लाकडावरची चिवट, टणक बुरशी. ती महिनोन्‌महिने जागची हलत नाही, त्यामुळे निवांत पाहता येते.

जमिनीवर शोधू नका. पडलेले ओंडके, वाळक्या फांद्या, तोडलेल्या झाडांचे बुंधे, जुन्या आंब्या-फणसांची खोडं पाहा. झाड कोणतं, जिवंत की मेलेलं, हे आधी टिपून ठेवा. यावरून निम्मं काम होतं. कोकणात फणसाच्या खोडावर येणारा, गावठी औषधात उगाळून वापरला जाणारा फणसोंबा हा फेलिनस गटातला.

मग खालची बाजू पाहा. वरचा रंग उन्हापावसाने उडतो, शेवाळही चढतं. बीजाणू तयार होतात ते खाली. स्वीडनच्या एलियास फ्रीसने 1821 पासून बुरशीची जी वर्गवारी मांडली, तिचा मोठा आधार हाच होता. भिंग घ्या. खाली मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं दिसली तर हेक्झागोनिया असण्याची शक्यता मोठी. बारीक छिद्रं आणि सगळीच बुरशी केशरी-लाल असेल तर पिक्नोपोरस. छिद्रंच नाहीत, सपाट गुळगुळीत असेल तर स्टेरियमचा विचार करा. गॅनोडर्माच्या काही जातींत ताज्या पांढऱ्या पृष्ठावर नखाने ओरखडा काढला की तो तपकिरी होतो.

वाळक्या फांदीवर नखाएवढे, राखाडी-पांढरे, लवदार पंखे दिसले तर ते शिझोफायलम. खालचा प्रत्येक पडदा उभा चिरलेला असतो. हवा कोरडी झाली की चिरेचे दोन्ही काठ बाहेर वळतात आणि बीजाणूंची बाजू झाकून घेतात. एक तुकडा घरी आणून ओल्या फडक्यात ठेवा. काही तासांत पडदे पुन्हा सरळ होतात. हे एकदा डोळ्यांनी बघाच.

ओळख पटली असं वाटलं तरी काहीही खाऊ नका. कठीण बुरशीच्याही अनेक जाती नुसत्या नजरेने वेगळ्या करता येत नाहीत. तिथे गटापर्यंतच थांबावं.

आडव्या पडलेल्या खोडावर टणक बुरशीची छिद्रं बाजूला तोंड करून असतील, तर ती झाड उभं असतानाच वाढली होती. छिद्रं नेहमी जमिनीकडे वळूनच वाढतात, कारण बीजाणू त्यांतून सरळ खाली पडावे लागतात. त्याच बुरशीवर नवा थर काटकोनात वळलेला दिसला, तर झाड पडल्यानंतरही ती जिवंत होती.