चित्रपटातील शस्त्राची ओळख : ‘द माल्टीज फाल्कन’मधील एक पाठभेद

गुन्हेगारीविषयक चित्रपटात दिसणारे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर नेमके कोणते, हा प्रश्न वरवर पाहता छांदिष्टांचा वाटतो. परंतु कथेतील रहस्याचा उलगडाच जेव्हा शस्त्रावर अवलंबून असतो, तेव्हा तो अर्थनिर्णयाचा प्रश्न होतो. येथे मुख्यतः एकाच उदाहरणाचा विचार करावयाचा आहे.

जॉन ह्यूस्टन यांनी दिग्दर्शित केलेला ‘द माल्टीज फाल्कन’ १९४१ साली प्रदर्शित झाला. डॅशिएल हॅमेट यांच्या १९३० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे माइल्स आर्चर या खाजगी गुप्तहेराचा खून होतो. घटनास्थळी सापडलेले शस्त्र त्याचा भागीदार सॅम स्पेड यास दाखविण्यात येते व तो ते तत्काळ ओळखतो. ते वेब्ली-फॉस्बेरी असून ०.४५ बोअरचे व आठ काडतुसांचे आहे, असे चित्रपटातील स्पेड सांगतो. कादंबरीतील स्पेड त्याच शस्त्राचा बोअर ०.३८ सांगतो, काडतुसे मात्र तेथेही आठच. यांपैकी ग्राह्य पाठ कोणता?

याकरिता शस्त्राची रचना पाहिली पाहिजे. बंगाल सैन्यातील अधिकारी जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी यांची ही कल्पना. वायव्य सरहद्दीवरील १८६३ च्या अंबेला मोहिमेतील पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. सामान्य रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे सिलिंडर बोटाच्या बळाने फिरते. फॉस्बेरींच्या शस्त्रात गोळी सुटताच बसणाऱ्या प्रतिधक्क्याने नळी व सिलिंडर हे दोन्ही भाग सांगाड्यावरून मागे सरकतात. सिलिंडरवर कोरलेल्या नागमोडी खाचेत एक खुंटी अडकलेली असते, तिच्यामुळे सिलिंडर फिरते आणि घोडाही आपोआप चढतो. ही खाच व सांगाड्यावरील सेफ्टी कॅच या दोन खुणा दिसल्या की ओळखीबद्दल शंका उरत नाही. रिव्हॉल्व्हरला सेफ्टी कॅच असणे मुळातच विरळा.

हे शस्त्र मुख्यतः दोन प्रकारांत निघाले. ०.४५५ बोअरच्या प्रकारात सहा काडतुसे मावत. कोल्टच्या स्वयंचलित पिस्तुलाकरिता निघालेले ०.३८ चे काडतूस वापरणाऱ्या प्रकारात आठ. म्हणजे हॅमेट यांचा पाठ निर्दोष आहे आणि चित्रपटात वर्णिलेले शस्त्र प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही. बोअर बदलला, पण त्यावर अवलंबून असलेली संख्या बदलावयाची राहिली, असे अनुमान करता येते. नकलकाराने एक शब्द बदलावा आणि त्याच्याशी निगडित असलेला दुसरा तसाच ठेवावा, हा प्रकार हस्तलिखितांच्या अभ्यासकांस अपरिचित नाही.

या चुकीने काय बिघडते, असे कोणी विचारील. सामान्य प्रेक्षकाचे काही बिघडत नाही. पण शस्त्रातून एकच गोळी सुटलेली असता मागे पाच उरतात की सात, हे तपासात महत्त्वाचे ठरते. शिवाय या कथेत शस्त्राच्या दुर्मिळपणाला अर्थ आहे. ते फ्लॉइड थर्स्बीचे होते हे कळताच संशय साहजिकच त्याच्यावर जातो; वस्तुतः गोळी झाडणारी ब्रिजिड ओशॉनेसी असते. शस्त्र कोणाचे आणि ते चालविले कोणी, हे दोन प्रश्न स्पेड निराळे ठेवतो, हीच त्याची हुशारी.

अभ्यासकानेही असेच दोन प्रश्न निराळे ठेवावयास हवेत : कथेत कोणते शस्त्र अभिप्रेत आहे, आणि कॅमेऱ्यापुढे कोणते ठेवले होते? संवाद पहिल्याचे उत्तर देतो, तेही सदोष असू शकते, हे वर पाहिलेच. दुसऱ्याचे उत्तर केवळ प्रतिमेतून मिळते. गोळी नसलेल्या, नुसत्या बारुदाच्या काडतुसांवर स्वयंचलित पिस्तुले पुष्कळदा अडत. रिकामे काडतूस फेकून दुसरे आत घेण्याइतका रेटा त्यांत नसे. सॅम पेकिन्पा यांच्या १९६९ च्या ‘द वाइल्ड बंच’मध्ये (हा गुन्हेगारीपट नव्हे, वेस्टर्न आहे, पण उदाहरण बोलके आहे) कोल्ट १९११ अभिप्रेत असताना स्पॅनिश बनावटीची स्टार मॉडेल बी पिस्तुले वापरली गेली, कारण ती ९ मिलिमीटरच्या पोकळ काडतुसांवर बरी चालत. दोन्हींची बाह्याकृती जवळजवळ एकच. फरक पाहावयाचा तो मुठीच्या मागील बाजूस : कोल्टला तेथे हाताच्या पकडीने दबणारा सुरक्षा-खटका असतो, स्टारला नसतो. पात्राच्या मुठीने हा भाग बहुधा झाकलेलाच असतो. तेव्हा पिस्तूल टेबलावर ठेवलेले, अथवा एका हातातून दुसऱ्या हातात जाणारे असे एखादे दृश्य शोधावे लागते आणि ते न मिळाल्यास नोंदीत नाव न लिहिता केवळ ‘कोल्ट १९११ सदृश’ एवढेच लिहावे लागते.