जुन्या जीपला सीट बसवताय? आधी टाकी बघा

तिगावच्या एका संत्रा बागायतदाराने जुनी महिंद्रा सीजे-३बी दुरुस्तीला काढली आहे. परवा विचारत होता, "भाऊ, भंगारातल्या कारच्या सीटा बसतील का?"

बसतात. पण या जीपची इंधनाची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. म्हणून सीटचा सांगाडा जागेवर वेल्डिंग करायचा नाही. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते. टाकी उतरवा, ब्रॅकेट बाहेर बनवा आणि बोल्टने कसा.

दुसरी अडचण उंचीची. कारची सीट रुळांसकट जाड होते, मांड्या स्टिअरिंगला टेकतात. भोकं पाडण्याआधी सीट नुसती ठेवून बसून बघा. क्लच तळापर्यंत दाबता आला पाहिजे.

जुना पत्रा बहुतेक गंजलेलाच निघतो. नुसत्या वायसरवर भागत नाही. खालून जाड लोखंडी पट्टी, ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट. यात काटकसर नको.

महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासूनची ती साधी, सपाट सीटच मला आवडते. सांगाडा शाबूत असेल तर नवा फोम आणि रेक्झिन घालून तीच शिवून घ्या.

पांढुर्णा-सौंसर भागात कुणी जीप उघडून बसलं असेल तर फोटो टाका, काही अडलं तर विचारा.